ऑफर लेटरवर सही करण्याआधीचे चौदा दिवस: आयोवातल्या एम्स गावातलं आमच्या घराचं प्रकरण

मार्च 2016. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. लग्नाला तीन महिने झाले होते. नवऱ्याने अमेरिकेतून एक पीडीएफ पाठवली आणि ती मी उगवणचाचणीचे ओले कागद गुंडाळता गुंडाळता फोनवर वाचली. आयोवा राज्यात एम्स नावाच्या गावी, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत त्याला असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाली होती. वर्षातल्या नऊ महिन्यांचा पगार, प्रयोगशाळा उभारायला रक्कम, पहिल्या दोन उन्हाळ्यांचे पैसे, सामान हलवायचा खर्च. सही करायला चौदा दिवस.

त्या चौदा दिवसांत आम्ही रोज बोललो. त्याने एक यंत्र वाढवून मागितलं, मिळालं. एका विद्यार्थ्याचा आणखी एका वर्षाचा खर्च मागितला, तोही मिळाला. माझ्या कामाचं काय, हे त्याने विचारलं नाही. मीही त्याला विचार म्हटलं नाही. बायको म्हणून आपण मध्ये आलो तर त्याची मिळालेली नोकरी अडचणीत येईल, अशी माझ्या मनात भीती होती. ती मी कुणाजवळ बोललेही नाही.

त्या एका न विचारलेल्या प्रश्नाने पुढे काय काय झालं ते इथे तारखांसकट लिहिते आहे. अकोला, परभणी, राहुरी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतून शिकलेल्या मुली दर वर्षी नवऱ्यामागून अशा गावांत येतात. त्यांच्यापैकी काहीजणी मला फोन करतात, आणि बहुतेक वेळा सही होऊन गेल्यावर करतात.

गाव कसं आहे

एम्स म्हटलं की अकोल्यात सगळ्यांना आधी दिल्लीचं हॉस्पिटल आठवतं. हे एम्स आयोवाच्या मध्यावर आहे. राजधानी डे मॉइन दक्षिणेला पन्नास किलोमीटरच्या आसपास. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 66,427, आणि त्यात विद्यार्थीही मोजलेले. आम्ही आलो त्या वर्षी, 2016 मध्ये, विद्यापीठात 36,660 विद्यार्थी होते. गावाला विद्यापीठ जोडलेलं आहे असं नाही, विद्यापीठाभोवती गाव उभं राहिलेलं आहे. 1858 मध्ये हे शेतीचं कॉलेज म्हणून सुरू झालं. 1862 मध्ये अमेरिकेने शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी राज्यांना जमिनी देण्याचा मॉरिल कायदा केला, तो सर्वांत आधी स्वीकारणारं राज्य आयोवा. गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1891 मध्ये इथे शिकायला आले आणि पुढे इथेच शिकवू लागले. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्यासारखीला हे सगळं ओळखीचं वाटलं. शेतीच्या कॉलेजच्या आवाराला एक वास असतो, तो इथेही आहे.

जमीनही काळी आहे. आमच्याकडची काळी उन्हाळ्यात भेगाळते, इथली हिवाळ्यात दगडासारखी गोठते. वर मका आणि सोयाबीन, खाली पाणी काढून द्यायला नळ पुरलेले. वऱ्हाडात निम्मी शेतं सोयाबीनची पाहिलेली असल्यामुळे ऑगस्टमध्ये विमानतळावरून येताना खिडकीबाहेर परकं असं काही दिसलंच नाही. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "काहून वं, तिथं शेती नाही काय? मग तुले काम काहून नाही?"

गावाचं घड्याळ विद्यापीठ लावतं. भाड्याच्या घरांचे करार बहुतेक 31 जुलैला संपतात आणि 1 ऑगस्टला सुरू होतात. त्या दिवसांत रस्त्यांच्या कडेला सोफे, गाद्या, टेबलं पडलेली असतात. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी टाकलेलं फर्निचर कचऱ्यात जाऊ नये म्हणून स्वस्तात विकायचा बाजारही भरतो. आमचं पहिलं जेवणाचं टेबल तिथलंच, आजही आहे. लाल रंगाच्या सायराइड बसमध्ये विद्यार्थी ओळखपत्र दाखवून चढतात. उन्हाळ्यात आणि सुट्टीत बसच्या फेऱ्या कमी होतात, आणि गाडी चालवता न येणारी बाई घरात अडकते. शरद ऋतूतल्या फुटबॉलच्या शनिवारी जॅक ट्राइस स्टेडियम भरतं. त्यात 61,500 माणसं बसतात, म्हणजे जवळजवळ आख्ख्या गावाइतकी. स्टेडियमला ज्याचं नाव आहे तो इथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ऑक्टोबर 1923 मध्ये मिनेसोटातल्या सामन्यात झालेल्या दुखापतींनी तो गेला. त्याची गोष्ट मला शेजारच्या आजीबाईंनी सांगितली. नव्या माणसाला हे गाव आधी ही गोष्ट सांगतं, याचं मला बरं वाटलं होतं.

गाव चांगलं आहे, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. मूल रस्त्यावर खेळतं, वाचनालय सुंदर आहे, दार ठोठावून शेजारी बर्फ काढून देतात. डे मॉइनच्या वाटेवर मॅड्रिड नावाच्या खेड्याबाहेर, मक्याच्या शेतांच्या मधोमध, हिंदू देऊळ आहे. पहिल्या गणेशचतुर्थीला तिथे गेले तेव्हा पार्किंगमध्येच मला रडू आलं. पण गाव चांगलं असणं वेगळं आणि दोन माणसांना तिथे काम असणं वेगळं.

काम कुणाकडे मिळणार? विद्यापीठ. जनावरांच्या रोगांवरचं केंद्र सरकारचं मोठं संशोधन केंद्र, पण सरकारी नोकरीला बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं. राज्याच्या वाहतूक खात्याचं मुख्यालय. मेरी ग्रीली हे रुग्णालय. एक-दोन कारखाने. बाकी दुकानं आणि हॉटेलं. बेकारी एम्समध्ये अमेरिकेतल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी असते, हे लोक अभिमानाने सांगतात, आणि ते खरं आहे. मात्र त्या आकड्यात काम शोधणारा माणूसच मोजला जातो. ज्या बाईला काम करायची परवानगीच नाही ती कामही शोधत नाही, बेकारही ठरत नाही. आमच्या इमारतीत अशा पाचजणी होतो. त्यातली एक दंतवैद्य, एक सनदी लेखापाल.

व्हिसाची गाठ

नवरा नोकरीसाठीच्या एच-1बी व्हिसावर, मी त्याची जोडीदार म्हणून एच-4 वर. एच-4 वर शिकता येतं, राहता येतं, गाडीचा परवाना काढता येतो. पगारी काम करता येत नाही. जे काम सहसा पगार देऊन करून घेतात ते फुकटही करता येत नाही. हे मला पुढे कळलं, एका प्रयोगशाळेत बिनपगारी मदत करायची तयारी दाखवली तेव्हा. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

26 मे 2015 पासून एक वाट उघडली होती. एच-1बी असलेल्या जोडीदाराचा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-140 अर्ज मंजूर झाला, की एच-4 वाली व्यक्ती कामाचं कार्ड मागू शकते. ग्रीन कार्ड हातात पडायला भारतीयांना दहा-दहा वर्षांहून जास्त लागतात, पण आय-140 त्यामानाने लवकर होतो. थोडक्यात, माझं काम नवऱ्याच्या आय-140 च्या तारखेला बांधलेलं होतं, आणि ती तारीख बऱ्याच अंशी आमच्या हातात होती.

आम्हाला ते माहीतच नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसासाठी या प्रक्रियेत खास सवलत आहे. निवड झाल्यापासून 18 महिन्यांच्या आत पहिला अर्ज केला, तर नव्याने जाहिरात देऊन उमेदवार शोधावे लागत नाहीत. हा शेवटचा दिवस आहे, आणि कार्यालयं कामं शेवटच्या दिवसाच्या हिशेबाने रांगेत लावतात. आमचा अर्ज ऑगस्ट 2017 मध्ये गेला, अगदी मुदतीत. त्यात कुणाची चूक नव्हती. घाई आहे असं आम्ही सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी घाई का करावी? आय-140 जून 2018 मध्ये मंजूर झाला आणि माझं कार्ड नोव्हेंबरात आलं. आल्या आल्या विचारलं असतं, तर 2016 च्या शेवटी अर्ज गेला असता आणि जास्तीची फी भरून आय-140 चा निकाल पंधरा दिवसांत मागता आला असता. 2017 च्या ऑगस्टपर्यंत कार्ड आलं असतं. पंधरा महिने एका न केलेल्या ईमेलमध्ये गेले.

ते पंधरा महिने, आणि त्याआधीचे

इथे जरा थांबते, कारण हाच भाग फोनवर कुणी विचारत नाही आणि हाच सगळ्यांना भोगावा लागतो.

पहिल्या हिवाळ्यात मी रोज सकाळी नवऱ्याचा डबा भरायचे आणि मग दहा वाजलेले असायचे. जालन्यात दहाला माझ्या टेबलावर वाणांचे नमुने यायचे. चारशे दाणे, शंभराच्या चार गुंडाळ्या, ठरलेल्या दिवशी मोजणी, सामान्य रोपं वेगळी, विकृत वेगळी, कुजलेली वेगळी. माझ्या सहीशिवाय लॉट बाहेर जायचा नाही. इथे माझी सही लागायची ती घरभाड्याच्या करारावर, तीही दुसरी सही म्हणून. बँकेत, दवाखान्यात, वाचनालयाच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना यायचा. सुरुवातीला मी 'बियाणे तंत्रज्ञ' लिहायचे, मग 'गृहिणी', मग तो रिकामा सोडायला लागले. माझी आई जन्मभर गृहिणी होती आणि तिच्याइतकं काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. त्या शब्दाबद्दल मला काही वाटत नव्हतं. माझा शब्द माझ्याकडून गेला, याचं वाटत होतं.

नवरा वाईट नव्हता, हे स्पष्ट लिहायला हवं. तो रात्री अकराला यायचा, कारण टेन्यूरचं घड्याळ सुरू झालं होतं. सहा वर्षांत संशोधन, शिकवणं, ग्रँट, सगळं सिद्ध करायचं, नाहीतर नोकरी जाते. पगार नऊ महिन्यांचा, तो बारा महिन्यांत वाटून मिळायचा, आणि उन्हाळ्याचे पैसे पुढे त्याने आणलेल्या ग्रँटमधूनच निघणार होते. त्याला कामातून श्वास घ्यायला वेळ नव्हता आणि मला वेळ घालवायला काम नव्हतं. एकाच दोन खोल्यांच्या घरात ही दोन दुःखं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आयोवातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार सार्वजनिक असतात, कुणीही शोधून पाहू शकतो. एकदा एका ओळखीच्या बाईने तो आकडा पाहून मला म्हटलं, एवढ्यात तुमचं छान भागत असेल. भागत होतंच. पैशाची ती गोष्ट नव्हती.

2017 च्या वसंतात सामुदायिक बागेत एक वाफा भाड्याने घेतला. मेथी, गवार, आणि अकोल्याहून आलेल्या एका मैत्रिणीने दिलेली वांग्याची रोपं. शेजारच्या वाफ्यात एक निवृत्त पीकरोगतज्ज्ञ काम करायच्या. माझ्या टोमॅटोच्या पानावरचा डाग त्यांनी पाहिला, नाव सांगितलं, मी वेगळं नाव सांगितलं. भिंगाखाली माझं बरोबर निघालं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी रकाना रिकामा सोडला नाही. पुढे या प्रकरणाला जे वळण लागलं ते या वाफ्यातून लागलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या मला डे मॉइनला घेऊन गेल्या. तिथे वर्ल्ड फूड प्राइज दिलं जातं. आयोवाचे नॉर्मन बोरलॉग यांनी ते सुरू केलं आणि 1987 मध्ये पहिलं मिळालं ते डॉ. स्वामीनाथन यांना. मानकऱ्यांच्या यादीत 1998 च्या पुढे नाव होतं: बी. आर. बारवाले. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, महिकोचे संस्थापक. जालन्यात हे नाव न ऐकलेला माणूस नाही. माझ्या गल्लीतून निघून बियाण्याचा माणूस इथपर्यंत आला होता आणि मी इथून तीस मैलांवर घरात बसून होते. घरी आल्यावर मी बायोडेटा उघडला, जानेवारी 2016 नंतर पहिल्यांदा.

कार्ड आलं, कार्ड संपलं

जून 2018 मध्ये मुलगी झाली, नोव्हेंबरात कार्ड आलं. जानेवारी 2019 मध्ये जवळच्या एका गावातल्या खाजगी प्रयोगशाळेत बियाणे तपासणीचं काम मिळालं. त्या महिन्याच्या शेवटी ध्रुवीय थंडीची लाट आली, 30 तारखेला विद्यापीठाचे वर्ग बंद होते, आणि मी घरून निघायला तयार होऊन बसले होते. इतकी भूक होती कामाची.

पण कार्डाची मुदत एच-4 च्या मुदतीइतकीच असते, आणि एच-4 ची एच-1बी इतकी. नवऱ्याचा पहिला एच-1बी ऑगस्ट 2019 मध्ये संपत होता, म्हणजे नोव्हेंबरात आलेलं कार्ड नऊ महिन्यांचं होतं. मुदतवाढीसाठी तिन्ही अर्ज वेळेत गेले. नवऱ्याचं लगेच झालं. मार्च 2019 पासून एच-4 च्या अर्जदारांना बोटांचे ठसे द्यायला बोलावणं सुरू झालं होतं. तिथे रांग लागली, आणि एच-4 मंजूर होईपर्यंत कार्डाचा अर्ज पुढे सरकत नाही. ऑगस्टच्या मध्याला मला काम थांबवावं लागलं. फेब्रुवारी 2020 मध्ये परत रुजू झाले. सहा महिने. त्यांनी माझी जागा ठेवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण बढतीची जी गोष्ट चालली होती ती माझ्याशिवाय पुढे गेली होती.

बायकांनो, हे समजून घ्या. कार्ड मिळालं म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये एका खटल्यातल्या तडजोडीने एच-4 वाल्यांना कार्डाच्या मुदतवाढीची वाट पाहताना काम चालू ठेवायची सवड आपोआप मिळायला लागली, पण ती एच-4 ची मुदत शिल्लक असेल तोवरच. ज्यांचं दोन्ही एकाच दिवशी संपतं त्यांना तिचा उपयोग नाही, आणि बहुतेकींचं एकाच दिवशी संपतं. 30 ऑक्टोबर 2025 पासून दिलेल्या अर्जांना तर ही सवडही राहिलेली नाही. याउलट स्वतःचा एच-1बी असेल आणि त्याच मालकाने मुदतवाढीचा अर्ज वेळेत दिला असेल, तर निकालाची वाट पाहताना 240 दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. कागदावर हा लहानसा फरक दिसतो. माझ्या घरात तो सहा महिन्यांचा होता.

2021: तीन वाटा

10 ऑगस्ट 2020 च्या डेरेचो वादळाने आयोवातला मका आडवा केला आणि आमची वीज कित्येक दिवस गेली. त्याच वर्षी कोविड. विद्यार्थ्यांची संख्या आधीपासूनच घटत होती, 2021 मध्ये 30,708 वर आली. पाच वर्षांत सहा हजार कमी. अशा गावात सहा हजार विद्यार्थी कमी होतात तेव्हा आधी भाड्याची घरं रिकामी पडतात, मग विभागांत रिकाम्या जागा भरणं थांबतं.

एप्रिल 2021 मध्ये मला सेंट लुइसजवळच्या एका बियाणे कंपनीकडून पूर्ण वेळेची, माझ्या शिक्षणाला साजेशी नोकरी देऊ केली गेली. गाडीने सहा तास. मुलगी पावणेतीन वर्षांची. नवऱ्याची टेन्यूरची फाइल त्याच शरदात जाणार होती. तीन वाटा होत्या. मी मुलीला घेऊन सेंट लुइसला जाणं आणि त्याने शनिवार-रविवार येणं. त्याने विद्यापीठ सोडून कंपनीत जाणं, पण त्यासाठी त्याला एच-1बीच्या लॉटरीत उतरावं लागलं असतं, कारण विद्यापीठांचे एच-1बी वर्षाच्या कोट्याबाहेर असतात आणि खाजगी कंपनीत जाताना कोट्यात यावं लागतं. तिसरी वाट, इथेच माझ्यासाठी जागा मागणं.

मी सेंट लुइसला हो म्हणायच्या अगदी काठावर होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तू जा. मी येते सहा महिने." हे वाक्य त्यांच्याकडून येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतः यवतमाळला शिक्षिकेची नोकरी सासऱ्यांच्या बदलीसाठी सोडली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

नवऱ्याचं म्हणणं होतं की टेन्यूरच्या मतदानाआधी काही मागू नये, लोक नाराज होतील. बागेतल्या बाईंनी उलट सांगितलं. त्यांनी तीस वर्षं हे आतून पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, मुलाखतीत कुणी तुमच्या नवऱ्याला बायकोबद्दल का विचारलं नाही, माहीत आहे? अमेरिकेत मुलाखत घेणाऱ्यांनी लग्न, मुलं यांबद्दल विचारायचंच नसतं, भेदभावाचा आरोप येऊ शकतो. तुम्ही गप्प राहिलात याचा अर्थ त्यांनी घेतला की गरज नाही.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. आपल्याकडे मोठी माणसं विचारतात, आणि नाही विचारलं तर त्यांना काळजी नाही असं आपण धरतो. मी पाच वर्षं तेच धरून चालले होते. इथले लोक मात्र आम्ही बोलायची वाट पाहत होते.

त्यांनी आणखी एक सांगितलं. जोडीदाराच्या नेमणुकीचा खर्च अनेक विद्यापीठांत तिघांत वाटतात: ज्याला नवरा हवा तो विभाग, जो बायकोला घेणार तो, आणि प्रोव्होस्टचं, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखाचं, कार्यालय. पण ही तिघांची बैठक कुणीतरी बोलवावी लागते, आणि ती दोनच वेळा बोलावली जाते. नवं माणूस सही करायच्या आधी, किंवा असलेलं माणूस दुसरीकडे निघालं तर. पहिली वेळ आम्ही घालवली होती.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याने दक्षिणेतल्या एका विद्यापीठात मुलाखत दिली. दुसरीकडून पत्र आणून दबाव टाकणं मला मान्य नाही. म्हणून आधी आमचं घरात ठरलं की तिथे दोघांना काम मिळत असेल तर खरोखर जायचं. पत्र आलं. मग त्याने विभागप्रमुखांना ईमेल केला. मसुदा मी लिहिला. त्यात पगारवाढ मागितली नाही. इथेच राहायची इच्छा आहे, पत्नी बियाणे आरोग्य तपासणीत इतक्या वर्षांची अनुभवी आहे, तिच्या कामाचा उपयोग या या प्रयोगशाळांना होऊ शकतो, सोबत तिचा बायोडेटा, आणि तिची नेमणूक तिच्या स्वतःच्या एच-1बीवर व्हावी, एवढंच. विभागप्रमुखांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. पहिली ओळ अशी होती, की हे आम्हाला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

चार महिने लागले. तीन वर्षांच्या मुदतीची जागा निघाली, खर्च तिघांत. कोट्याबाहेरचा असल्यामुळे माझ्या एच-1बीसाठी लॉटरीत उतरावं लागलं नाही, देश सोडावा लागला नाही, आणि एच-4 वर गेलेली वर्षं माझ्या एच-1बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत धरली गेली नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये नवऱ्याला टेन्यूर मिळाला आणि त्याच महिन्यात मी रुजू झाले. सेंट लुइसची नोकरी मी सोडली, तिचं वाईट आजही वाटतं. पगार तिथे जास्त होता आणि काम माझ्या आवडीचं होतं. तिसरी वाट आम्हाला परवडली, एवढंच मी म्हणेन. ज्या मैत्रिणीने पहिली वाट घेतली, तिचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही.

आता

मी सोयाबीनच्या बियाण्यावरच्या बुरशीवर काम करते. इथला मोठा शत्रू सूत्रकृमी आणि सडन डेथ सिंड्रोम, आमच्याकडचा मूळकुज आणि पिवळा मोझॅक. दाणा तोच आहे. कधी कधी अकोल्याच्या जुन्या सरांना फोटो पाठवते, ते रात्री उत्तर देतात. गावाच्या उत्तरेला जुन्या खाणीच्या खड्ड्यात झालेलं तळं आहे, ॲडा हेडन यांच्या नावाचं. 1918 मध्ये इथून पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई, वनस्पतिशास्त्रज्ञ. रविवारी आम्ही तिघं त्याला चक्कर मारतो.

मुदतीच्या जागेला मुदत असतेच. 2025 च्या सुरुवातीला परदेशी मदतीचा सरकारी निधी थांबला आणि शेजारच्या इलिनॉयमधल्या सोयाबीन इनोव्हेशन लॅबने बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझी जागा त्या वर्षी दोन वर्षांसाठी वाढली. तिचा अर्धा पगार आता तपासणीच्या शुल्कातून निघतो, ग्रँटमधून नाही, आणि हे मी स्वतः मागून घेतलं. नमुने येत आहेत तोवर अर्धी नोकरी उभी आहे.

गेल्या महिन्यात परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या एका मुलीचा फोन आला. नवरा अमेरिकेतच पीएचडी संपवतो आहे, दुसऱ्या एका अशाच गावातून त्याला पत्र आलं आहे. सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-1बीवर 1 लाख डॉलरचा भार आहे, त्याची तिला काळजी होती. नवरा आत आहे आणि इथूनच व्हिसा बदलणार आहे, त्यामुळे त्याला तो लागू नाही, असं मी सांगितलं. वकिलाकडून लेखी खात्री करून घे, हेही सांगितलं. मग तिला विचारलं, पत्रावर सही झाली का?

"नाही ताई. नऊ दिवस आहेत. घरचे म्हणतात आधी सही होऊ द्या, तुझं नंतर बघू."

मी तिला म्हटलं, तुझा बायोडेटा आज रात्री मला पाठव. उद्या त्याच्या ईमेलला तो जोडला गेला पाहिजे, आणि त्याच ईमेलमध्ये आय-140 कधी सुरू करणार हेही विचारलं गेलं पाहिजे.

बायोडेटा साडेअकराला आला. दोन पानं. पहिल्या पानावर शाळेपासूनचे गुण, आणि जैविक खतांच्या प्रयोगशाळेतली चार वर्षं दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी. ती वर घ्यायला सांगितली.